आडवा हात

बंद लॅपटॉपचं पोट उघडून
आम्रपालीनं सहा सेल काढले,
निळ्या कागदातले, अंगठ्याहून जाड.
मीटर लावून एकेकाची नाडी पाहिली.
दोघांची दोनच्याही खाली.
"हे मेले, बाबा. यायले उठवाचं नाही.
उठले तर वाईट उठतात."
दोघांच्या टोकांना टेप लावून
तिनं ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवले.

रिमोटची बटणं, तळहाताएवढा पडदा,
कंपासपेटीला तापल्या खिळ्यानं पाडलेली भोकं.
आत एक रोही धावतो.
कुंपण आलं की उडी. चुकली की अंधार.
तो रोही तिनंच लिहिला, सुट्टीत,
शाळेच्या कॉम्प्युटरवर, सरांची किल्ली मागून.

मी वणीच्या जिनिंगात एकोणीस हंगाम काढले.
मला व्होल्ट कळत नाही, आग कळते.
रुईतली आग ओरडत नाही.
कापसातून खडा येतो, लोखंडाला घासतो,
एक ठिणगी गठाणीत जाऊन बसते
आणि तीन दिवसांनी, भलत्याच गावी, ट्रकात
गठाण आतून लाल निघते.
वरून पांढरी. हात लावा, गार.

म्हटलं, पोरी, तुझी ही पेटी
मले गठाणीसारखी वाटते.
ती हसेल असं वाटलं होतं.
"बरोबर वाटते," म्हणाली.

मग नखाएवढी एक पट्टी दाखवली.
चार पूर्णांक दोन झाले की ही वीज तोडते.
"सेलले नाही म्हणता येत नाही, बाबा.
देत गेलं का घेत जाते."
मला पुतणीच्या लग्नातली पंगत आठवली.
व्याही बुंदीची बादली घेऊन उभे, घ्या, घ्याच,
आणि साखरेचा आजार असलेल्या आमच्या दादानं
पानावर धरलेला आडवा हात.
जेवणावर आडवा हात मारायचा तोही हाच हात,
पण धरायला जास्त जोर लागतो.

खेळता खेळता चार्ज करायचा नाही, हेही तिचंच.
वाढता वाढता जो उठून पळतो
त्याचं पोट भरलं का,
वाढणाऱ्याला कसं कळावं?

मे महिना. टिनाखाली दुपारी बसवत नाही.
"आत्ता नाही. तो आधीच तापला हाय."
म्हणून पहाटे, अंगणात,
कवेलूवर सेल, बाजूला रेतीचं घमेलं,
आसपास ना चिंधी, ना कडबा.
आणि कोणीतरी जागं.
तिची झोप नववीची, म्हणून जागा मी.
लाल दिवा आहे. निळा झाला की काढायचं.
एवढंच काम, पण जिनिंगातल्या रात्रपाळीपेक्षा
डोळे जास्त ताणले मी.

चौथ्या सेलाच्या दिवशी
कोंबडा आरवला, उजाडलं, दिवा लालच.
बोट लावलं तर तापातल्या लेकराच्या कपाळागत.
विचारायला थांबलो नाही. वायर ओढली,
चिमट्यानं उचलून रेतीत ठेवला.
उठल्यावर तिनं मीटर लावला, बरणी उघडली.
तिथं आता तीन.
मला शाबासकी वगैरे दिली नाही.
चहात साखर जास्त टाकली फक्त.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं.
"तुमच्या लोकायले दाखवा," म्हणून पेटी दिली तिनं.
गेटवर पैकू आत्राम काडीपेट्या जमा करत होता.
मी बिडी सोडून सात वर्षं झाली,
खिशात काही नसतं हे त्याला ठाऊक.
त्यानं हातानंच जा म्हटलं.
मी थांबलो. पेटी काढून दिली.
"हे काय हाय बे?"
"ठेव बाहेर. आत नेत नसतात."

जेवणाच्या सुट्टीत येऊन पाहतो तर
पैकू कडुलिंबाखाली उकिडवा,
जीभ दातात धरून,
बाजूला काडीपेट्यांची रास,
आणि पाच ट्रॅक्टर फाटकाबाहेर हॉर्न मारताहेत.
"थांबा ना बाप्पा," तो म्हणतो,
"हे एवढं कुंपण होऊ द्या."